चतुःसीमा

कोर्ट नाक्यावर, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून
माझं टेबल. पानाला तीस रुपये.
प्रतिज्ञापत्र, करारनामा, नावात बदल.
लोकांची भांडणं माझ्या बोटांतून जातात
आणि मला लागत नाहीत. सवय झाली आहे.

मंगळवारी तुर्भ्याच्या खाणीकडून यल्लुबाई धोत्रे आली,
साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत सत्तावीस वर्षं घेऊन:
रेशनकार्ड, पाहणीची पावती, पोराचा शाळेचा दाखला,
नवऱ्याचा मृत्यूचा दाखला,
आणि दारावरून खळीसकट सोलून आणलेली नोटीस.
"सात दिवस म्हणाले," ती म्हणाली, "चार झाले."

वकीलसाहेबांच्या मसुद्यात एक जागा कोरी होती:
सदर मिळकतीची चतुःसीमा.
पूर्वेला काय, मी विचारलं.
"तिम्माची भिंत. म्हणजे आमचीच. दोघांत एकच आहे."
पश्चिमेला?
"नाला. आधी झरा होता, पीत होतो."
दक्षिणेला?
"पाण्याचा मोठा पाइप. उन्हाळ्यात पोरं त्याला गाल लावून बसतात."
उत्तरेला?

ती जरा थांबली.
"उत्तरेला डोंगर होता."
आणि आता?
तिनं चप्पल बाजूला करून
माझ्या टेबलाखालची खडी अंगठ्यानं उकरली.
"आता हे. तुमचे रस्ते, तुमची स्टेशनं,
कोर्टाची पायरीसुद्धा असेल. मोजून थोडीच दिली."

मी टाइप केलं: उत्तरेस मोकळी जागा.

मग तिनं नोटीस वाचून घेतली माझ्याकडून.
अतिक्रमण म्हणजे?
आपली नसलेल्या जागेत शिरणं.
"शिरलो कुठं? मुकादमानं ट्रकमधून आणून सोडलं,
म्हणाला इथंच राहा, सुरुंगाला जवळ पडेल.
हे लिहा."
लिहिलं. वकीलसाहेबांनी खोडलं.
मुकादम मेलाय, पुरावा नाही.

शुक्रवारी सकाळी जेसीबी वर चढला.
तिम्माचं खोपट गेलं, पत्रे, पाट्याचा दगड, सगळं,
आणि अकरा चाळीसला मधली भिंत.
बाराला पाच कमी असताना
न्यायाधीशांनी दोन शब्द दिले: जैसे थे.
वकिलाच्या मदतनिसानं जिन्यातूनच फोनवर ओरडून सांगितलं.
ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, तंबाखू मळली,
समोर उभ्या पोराला चुना मागितला.
संध्याकाळी माझ्यापर्यंत एक पेढा आला,
कागदात चेपलेला.

सोमवारी यल्लुबाई परत.
"भिंत उभी करायला गेले तर पोलिस म्हणतो, जैसे थे."
मी आदेशाची प्रत वाचली. पोलिसाचं बरोबर होतं.
पाडायचं नाही. बांधायचं नाही.
पुढल्या तारखेपर्यंत जे आहे ते आहे तसं,
भोकासकट.

"पण कधी होतं तसं?" ती म्हणाली.
"शुक्रवारी साडेअकराला?
झरा होता तेव्हा?
का डोंगर होता तेव्हा?"
झेरॉक्सवाल्यानं मशीन थांबवून पाहिलं.
मी पाणी प्यायलो.

नवा अर्ज घेतला: तात्पुरता आडोसा उभारण्यास
परवानगी मिळणेबाबत.
सध्या तिथं कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लावलाय,
उलटा, पांढरी बाजू घरात.
वारा आला की पलीकडचा हसरा चेहरा आत फुगतो, म्हणाली.

चतुःसीमा तीच ना?
"तीच. फक्त पूर्वेला तिम्मा."
तिम्माची भिंत.
"भिंत कुठाय आता? तिम्मा आहे.
खाट टाकून बसलाय जिथं त्याची चूल होती तिथं.
रात्री खोकला की मी इकडून तांब्या सरकवते."

बोटं कळपाटीवर थांबली.
या कामात माणसाला सीमा म्हणत नाहीत.
वकीलसाहेब खोडतील, मला माहीत होतं.

पूर्वेस: तिम्मा मारुती कुसळकर, वय एकाहत्तर.

दोन पानं झाली. मी एकाचेच पैसे घेतले,
तिनं मोजून दोन्हींचे ठेवले.